किडनी देतो म्हणाला आणि ऐनवेळी मागे फिरला: हक्क त्याचा, पण झालेल्या नुकसानाचं काय?

वेळूबन (धागाकर्ती)

आमच्या घरात सध्या या एकाच विषयावर बोलणं होतंय आणि प्रत्येक वेळी कोणीतरी ताटावरून उठून जातंय. घराबाहेरच्या माणसांना यात काय दिसतं ते समजून घ्यायचंय, म्हणून धागा काढतेय. कोणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळलेत.

माझी मोठी बहीण धायरीला असते. दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर खेपेला चार तास मशीनवर. सिंहगड रोडचं ट्रॅफिक आणि नंतरचा थकवा धरला तर तो दिवस गेलाच. भावजी पहिल्यापासून द्यायला तयार होते, पण ताईचा रक्तगट ए आणि त्यांचा बी. आईला मधुमेह. मला तिशीतच बीपीची गोळी सुरू झाली, त्यामुळे डॉक्टरांनी मला पहिल्याच तपासणीत बाजूला केलं.

राहिला धाकटा भाऊ. गेल्या भाऊबीजेला ताईने त्याला ओवाळलं, त्याने ताटात पाकीट ठेवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ही नुसती रीत झाली. खरी ओवाळणी म्हणून माझी किडनी घे." ताईने ताट तसंच पाटाशेजारी ठेवलं आणि त्याला धरून रडली. मामा, मावशा, पोरंटोरं, सगळे होते.

मग तपासण्या. रक्तगट, एचएलए (पेशी किती जुळतात ते), क्रॉसमॅच (ताईचं रक्त त्याच्या पेशींना विरोध करतं का ते), शेवटी सीटी अँजिओ, म्हणजे किडनीच्या रक्तवाहिन्यांचं स्कॅन. सगळं जुळलं. कागदपत्रं झाली, शस्त्रक्रियेचा आठवडा ठरला. आणि अगदी तोंडावर भावजींच्या फोनवर वहिनीचा मेसेज आला: "ह्यांना डॉक्टरांनी नाही सांगितलंय. सॉरी." रुग्णालयात विचारलं तर एवढंच कळलं की दाता म्हणून ते योग्य ठरले नाहीत, कारण सांगता येणार नाही.

नंतर भाऊ मला एकटीला भेटला. म्हणाला, रिपोर्ट सगळे चांगले होते, मलाच जमणार नाही. सीटी अँजिओच्या दिवसापासून त्याला झोप नव्हती. शेवटी डॉक्टरांना एकट्याने भेटून त्याने नको म्हणून सांगितलं. आणि हे सांगून झाल्यावर मला म्हणाला, "तू कोणाला बोलू नकोस."

त्याच्या भीतीचा मला राग नाही. राग आहे तो मधल्या काळात गप्प राहण्याचा. सीटी अँजिओ झाल्यानंतर एका समन्वयकाने आम्हाला स्वॅपसाठी एक जोडपं सुचवलं होतं, रुग्ण बी गटाचा आणि त्याची बायको ए गटाची. भावजींची किडनी त्याला आणि त्याच्या बायकोची ताईला, असं बसत होतं. सख्खा भाऊ देतोय म्हणून आम्ही नको म्हणालो. भाऊ त्या बोलण्याला समोर बसला होता. त्या जोडप्याचं पुढे दुसरीकडे जमलं. मृत दात्याच्या यादीतही ताईचं नाव घातलं नाही, कारण तेच.

आणि आई. तिला वाटतंय की मुलालाही किडनीचा आजार निघाला. रोज फोन करून त्याला पाणी पी म्हणते, त्याच्या जेवणातलं मीठ विचारते, नवस बोलून बसलीय.

शरीर त्याचं आहे, नाही म्हणायचा त्याला पूर्ण हक्क आहे, यावर माझं दुमत नाही. पण तो हक्क वापरला की आधीच्या "हो"मुळे जे घडलं त्याची जबाबदारीही संपते का? मला नाही वाटत. तुम्हाला काय वाटतं?

पर्वतीपायथा

ताई, वाचून वाईट वाटलं. मी जुन्या विचारांचा आहे. शब्द देण्याआधी माणसाने शंभरदा विचार करावा, पण एकदा चारचौघांत दिला की तो पाळायचा. भीती सगळ्यांनाच वाटते. सैन्यात जाणाऱ्याला वाटत नाही का?

जबरदस्तीने कोणाचा अवयव काढा असं मी म्हणत नाही. साखरपुडा मोडणाऱ्याला धरून बोहल्यावर उभं करत नाहीत. पण हॉलचा ॲडव्हान्स, झालेला खर्च, दागिने, याची बोलणी दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसून करतातच ना? "माझा हक्क होता" म्हणून कोणी हात झटकून मोकळं होत नाही. इथे तर एका बाईचा जीव टांगणीला लागलाय.

कातळफूल

काकांशी पूर्ण असहमत.

संमती मागे घेता येते म्हणूनच ती संमती असते. मागे घेतल्यावर घरचे बोलणार नाहीत, भाऊबीजेला बोलावणार नाहीत, आयुष्यभर "बहिणीला तोंडघशी पाडणारा" म्हणून ओळखतील, अशी किंमत लावली तर तो माणूस ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) जाईल तो इच्छेने नाही, धाकाने. मग डॉक्टरांनी घेतलेल्या सहीला काय अर्थ उरला?

भीतीही खोटी नाही. २०१४ साली अमेरिकेतल्या किडनीदात्यांवरचा मोठा अभ्यास आला होता. त्यात आयुष्यभरात स्वतःच्या किडन्या निकामी होण्याचा अंदाज दात्यांमध्ये १०,००० मागे ९० होता आणि तितक्याच निरोगी पण दान न केलेल्यांत १४. आकडा लहानच आहे, तपासणी न झालेल्या सर्वसाधारण लोकांपेक्षा तर बराच कमी. पण शून्य नाही. शस्त्रक्रियेत मृत्यूचं प्रमाण त्याआधीच्या तिथल्याच अभ्यासात १०,००० मागे साधारण ३ होतं. ज्याला सही करायची आहे त्याला हे आकडे रात्री वेगळेच दिसतात.

धागाकर्तीबद्दल पूर्ण सहानुभूती आहे. पण "नुकसान" हा शब्द मला टोचला. भावाने ताईचं काही काढून घेतलेलं नाही. किडनी तिची नव्हतीच.

वेळूबन

कातळफूल, किडनी तिची नव्हती हे मान्य. पण स्वॅपची संधी तिची होती. भाऊ समोर बसलेला असताना आम्ही फोनवर नको म्हणालो. त्या क्षणी त्याने एवढं जरी म्हटलं असतं की थांबा, माझं अजून नक्की नाही, तरी पुरलं असतं. किडनी मागतच नाहीये मी.

वकिली_चष्मा

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण तिथे फार वाद नाही.

भारतीय करार कायदा १८७२, कलम २५: मोबदल्याशिवाय दिलेलं वचन, ठरावीक अपवाद सोडले तर, करार ठरत नाही. आणि इथे मोबदला असता तर तो १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली गुन्हा झाला असता. म्हणजे भाऊबीजेच्या शब्दावर कोर्टात जायचा रस्ता दोन्हीकडून बंद. तो बंदच राहिला पाहिजे.

याच प्रश्नावर एक गाजलेला अमेरिकन खटला आहे. १९७८, पेनसिल्व्हेनिया. रॉबर्ट मॅकफॉलला अप्लास्टिक ॲनिमिया झाला होता, म्हणजे शरीरात पुरेशा रक्तपेशी तयार होत नव्हत्या. दुसऱ्याचा बोन मॅरो (अस्थिमज्जा) मिळाला तरच आशा. नात्यातला भाऊ डेव्हिड शिंप पहिल्या तपासणीला तयार झाला, जुळण्याची चिन्हं दिसली, आणि पुढच्या तपासणीला त्याने नकार दिला. मॅकफॉल कोर्टात गेला. न्यायाधीश फ्लॅहर्टी यांनी शिंपचा नकार नैतिकदृष्ट्या समर्थनीय नाही असं निकालात स्पष्ट नोंदवलं आणि तरीही सक्ती करायला नकार दिला. एका माणसाच्या शरीरात दुसऱ्यासाठी बळाने सुई खुपसणारा समाज त्यांना मान्य नव्हता. निकालानंतर दोनेक आठवड्यांत मॅकफॉल गेला.

मला त्या निकालातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की न्यायाधीशांनी दोन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहिल्या. सक्ती नाही म्हणजे दोषही नाही, असं ते म्हणाले नाहीत.

दुसरं उदाहरण आपल्याकडचं, वेगळ्या क्षेत्रातलं. डिसेंबर १९७८ चा मोतीलाल पदमपत शुगर मिल्सचा निकाल. उत्तर प्रदेश सरकारने नव्या कारखान्याला विक्रीकरात सूट देतो म्हणून कळवलं, कंपनीने त्यावर विसंबून कारखाना उभारला, मग सरकारने हात आखडता घेतला. मोबदला नसतानाही सर्वोच्च न्यायालयाने सरकारला दिलेल्या शब्दाला बांधलं, कारण समोरच्याने त्या शब्दावर विसंबून आपली परिस्थिती बदलली होती. शरीराच्या बाबतीत हा नियम लावता येणार नाही, लावूही नये. पण विसंबून राहणाऱ्याचं काय होतं याकडे कायदा डोळेझाक करत नाही, हे कातळफूल यांनी लक्षात घ्यावं.

हिराबाग

वहिनीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मेसेज तिच्याकडून का आला? आता सगळ्या घरात "बायकोने अडवलं" हेच चाललं असणार. नकार भावाचा, तोंड बायकोचं. हे फार घराघरांत होतं आणि तिची बाजू कोणी विचारत नाही.

वेळूबन

हिराबाग, अगदी हेच चाललंय. मावशी तर उघड बोलते. वहिनीने एक अक्षर काढलेलं नाही.

ओटीबाहेर

मी पुण्यात प्रत्यारोपण समन्वयक म्हणून काम करते. या केसबद्दल मला काही माहीत नाही, त्यामुळे सर्वसाधारण पद्धत सांगते.

दात्याला आम्ही एकट्याला बसवून विचारतो. रुग्ण नाही, नातेवाईक नाही, दार लावून. त्याला स्पष्ट सांगितलं जातं की भूल देण्याआधी कोणत्याही क्षणी, ओटीच्या दारातसुद्धा, नाही म्हणता येईल आणि कारण द्यायची गरज नाही. नाही म्हणालाच तर अनेक ठिकाणी घरच्यांना फक्त "दाता म्हणून योग्य ठरले नाहीत" एवढंच कळवतात. ही ढाल मुद्दाम दिलेली असते. ती नसती तर कित्येक जण, विशेषतः सुना आणि बायका, नाही म्हणूच शकल्या नसत्या. २०१४ च्या नियमांत स्त्री दात्याबाबत जास्त खबरदारी घ्या, तिची स्वतंत्र संमती रुग्णाशिवाय दुसऱ्या कोणाकडून पडताळून घ्या, असं वेगळं कलमच आहे. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत आहे. ते कलम उगाच आलेलं नाही.

पण या ढालीवर आमच्यातही वाद होतात. काहींना ते खोटं बोलणं वाटतं. माझं मत असं की रुग्णालयाने दात्याचं गुपित राखणं हे रुग्णालयाचं काम आहे, तिथे खोटं काही नाही. दात्याला तपासून तो योग्य आहे का ठरवताना त्याची तयारी हाही भाग असतो, आणि ती नसेल तर तो खरोखरच योग्य नाही. मात्र घरी जाऊन "डॉक्टरांनी नाही सांगितलं" म्हणणं हे वेगळं. ते दात्याचं स्वतःचं वाक्य आहे, आमचं नाही. वेळूबन यांच्या आईचं वाचून मला गलबलून आलं. ढाल दिलेली असते धाकापासून वाचायला. जिथे धाक नाही तिथेही ती धरून ठेवली तर तिच्याआड दुसरं माणूस भरडलं जातं.

स्वॅपबद्दल एक सांगते, कारण ते इथल्या विषयाशी थेट जोडलेलं आहे. दोन जोडप्यांची अदलाबदल करताना चारही शस्त्रक्रिया शक्यतो एकाच वेळी करतात. का? कारण पहिल्या घरच्या रुग्णाला किडनी मिळाली आणि मग त्याच्या दात्याने विचार बदलला, तर त्याला कोणीही भाग पाडू शकत नाही. दुसऱ्या घराने तर किडनी देऊन टाकलेली असते. माणसाचा नाही म्हणायचा हक्क कायम ठेवून दुसऱ्याचं नुकसान टाळायचं, तर वेळच जुळवावी लागते. २००७ मध्ये अमेरिकेत एकामागून एक चालणारी साखळीही सुरू झाली. तिथे आपल्या माणसाला किडनी मिळाल्यानंतर काही आठवडे, कधी महिन्यांनी दाता परक्याला देतो, आणि मधल्या काळात त्याला बांधणारं फक्त त्याचं म्हणणं असतं. काही जण मागे फिरले, बहुतेकांनी दिलं.

मोगरा_अंगणी

मी नवऱ्याला किडनी दिली आहे, काही वर्षं झाली. दोघं बरे आहोत. म्हणून दुसऱ्या बाजूने बोलायचा मला थोडा हक्क आहे असं वाटतं.

माझा "हो" स्वयंपाकघरात झाला. रात्री भांडी आवरताना मी त्याला म्हणाले, मी देते. तो म्हणाला, आत्ता काही बोलू नकोस, महिनाभर या विषयावर दोघंही गप्प राहू. त्या महिन्यात मी तीनदा मनातून मागे फिरले असेन. कोणाला पत्ता नव्हता, म्हणून फिरता आलं आणि परतही येता आलं. घरात फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. सासरी-माहेरी कळलं ते तारीख ठरल्यावर.

तुमच्या भावाचा "हो" वीस-पंचवीस माणसांसमोर, सणाच्या दिवशी झाला. तो स्वतःच तसा म्हणाला हे खरं, पण त्या क्षणापासून रोज कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारत असणार. सोसायटीत, ऑफिसात, लग्नकार्यात. "काय भाऊ आहे!" प्रत्येक थापेसरशी नाही म्हणणं अवघड होत गेलं असेल. ज्याला एकदा देव केलं त्याला घाबरायची सोय उरत नाही.

याने त्याचं गप्प बसणं योग्य ठरत नाही. पण ते गप्प बसणं कुठून आलं ते बघायला हवं.

वेळूबन

मोगरा, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. थापेचं तुम्ही म्हणता ते पटतं. पण मला एक सांगा, त्याला एकट्याने डॉक्टरांना गाठता आलं. मला एकटीला भेटून सांगता आलं. म्हणजे बोलायला जागा नव्हती असं नाही. ज्या दिवशी स्वॅपचा फोन आला त्या दिवशी त्याच्याकडे मीही होते आणि डॉक्टरही होते. त्याने खरं उशिरा सांगितलं, आणि सगळं नुकसान त्या उशिराने केलं.

सकाळची_लोकल

ए आणि बी गटांची जोडी स्वॅपसाठी लवकर बसते ना? म्हणजे पुन्हा मिळायला हरकत नाही असं वाटतं. ओटीबाहेर यांनी सांगावं.

गुणसूत्र

किडनीत निदान डायलिसिस तरी हातात असतं. रक्ताच्या मूळपेशींच्या दानात मागे फिरण्याची एक रेष आहे, तिच्याबद्दल लिहितो. मी नोंदणीकृत दाता आहे. गालाच्या आतून फाहा फिरवून नमुना घेतात, दहा मिनिटांचं काम. नोंदणी करताना बहुतेकांना वाटतं, बघू पुढचं पुढे.

सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता साधारण २५ टक्के. परक्याशी जुळणं फारच दुर्मीळ, म्हणून तर नोंदणी लागते. जुळलं तर दात्याला चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात, मूळपेशी रक्तात उतरतात, मग दंडातून रक्त काढून, यंत्रातून पेशी वेगळ्या करून उरलेलं रक्त परत सोडतात. बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागतच नाही.

पण पलीकडे रुग्णाचं काय चाललेलं असतं? दात्याकडून पेशी घेण्याच्या आधीचे काही दिवस त्याला जबरदस्त केमो किंवा रेडिएशन देऊन त्याची स्वतःची अस्थिमज्जा संपवतात, नव्या पेशींसाठी. ते एकदा सुरू झालं की परतीचा रस्ता नसतो. त्यानंतर दाता आला नाही तर रुग्ण जगण्याची शक्यता जवळपास राहत नाही. मला समुपदेशनात हे तोंडावर सांगितलं होतं: तुम्ही कधीही नाही म्हणू शकता, पण नाही म्हणायचंच असेल तर या तारखेच्या आत म्हणा.

कायद्याने दाता त्या तारखेनंतरही मोकळाच असतो, कोणी त्याला ओढून आणत नाही. पण त्या तारखेच्या आधीचा नकार आणि नंतरचा नकार यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे कोणाला समजावून सांगावं लागू नये. कातळफूल, तुमच्या मांडणीत हा फरक कुठे बसतो?

कातळफूल

चांगला प्रश्न आहे. विचार केला.

नकाराचा हक्क दोन्हीकडे सारखाच, यावर मी ठाम आहे. त्याला घरातून टाकणं, नाव ठेवणं, वाळीत टाकल्यासारखं वागवणं, याला माझा विरोध कायम. पण तारीख माहीत असून, दुसरा माणूस काय गमावतोय ते समोर दिसत असून गप्प राहणं हे हक्काच्या आत बसत नाही. ते वेगळं कृत्य आहे आणि त्याचा जाब विचारता येतो. स्वॅपच्या फोनच्या वेळी भाऊ समोर होता, हा तपशील मी पहिल्यांदा वाचताना हलका घेतला होता. तो हलका नाही.

पर्वतीपायथा

मग जाब विचारायचा म्हणजे काय करायचं? पैसे घ्यायचे? तपासण्यांचा खर्च भावजींनीच केला असणार.

वकिली_चष्मा

काका, पैशाच्या बाबतीत एक गैरसमज सर्रास आहे म्हणून सांगतो. अवयवाची किंमत देणं गुन्हा आहे, पण दात्याचा थेट खर्च आणि दानामुळे बुडालेली कमाई भरून देणं याला कायद्यातल्या "पेमेंट"च्या व्याख्येतून वगळलंय. हातावर पोट असलेले, स्वतःचं गॅरेज किंवा दुकान असलेले कितीतरी दाते "दोन महिने धंदा बंद ठेवला तर घर कसं चालणार" एवढ्याचसाठी मागे फिरतात आणि लाजेने बोलत नाहीत. घरच्यांनी हे आधीच उघड बोलून ठेवलं तर तेवढी एक भीती तरी कमी होते.

उलट बाजूने, मागे फिरलेल्या दात्याकडून तपासण्यांचा खर्च वसूल करणं हे मी वकील म्हणून आणि माणूस म्हणून दोन्हीकडून टाळायला सांगेन. नाही म्हणण्यावर बिल लावलं तर पुढचा दाता तपासणीलाच येणार नाही. त्याने आपणहून उचलला तर गोष्ट वेगळी.

मोगरा_अंगणी

पैसे नकोतच. त्याने तीन माणसांना स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं. ताईला, की रिपोर्ट चांगले होते आणि मला भीती वाटली. आईला, की मला काही आजार नाही. आणि सगळ्यांसमोर, की बायकोने अडवलं नव्हतं. भाऊबीजेला सगळ्यांसमोर बोलला होता ना, तर हेही सगळ्यांसमोर. वेळूबन, तुम्ही त्याच्या वतीने सांगू नका. तुमच्या खांद्यावर टाकलेलं गुपित त्याला परत द्या. ठरावीक दिवस द्या आणि सांगा की आईचा नवस मी यापुढे बघू शकत नाही.

हिराबाग

शेवटच्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन. वहिनीला त्याने मोकळं करावं.

वेळूबन

मोगरा, हे करता येईल. कालच त्याला फोन केला होता. उचलला. खूप वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला ताईला भेटायला ती डायलिसिसवर असते तेव्हा जाऊ का, तिथे दोघंच असतो. मी म्हटलं जा. आईला मात्र रविवारी सगळे असताना सांग म्हटलं. त्यावर अजून उत्तर नाही.

ओटीबाहेर, स्वॅप आणि यादी या दोन्हींबद्दल आता काय करायचं ते सांगाल का? ताई वयाने चव्वेचाळीस.

ओटीबाहेर

सांगते.

यादीत नाव ताईचं प्रत्यारोपण जिथे होणार आहे त्या रुग्णालयामार्फतच लागतं, पुणे विभागाच्या झेडटीसीसीकडे (विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे). थेट जाऊन नोंदवता येत नाही. हे याच आठवड्यात करा. जिवंत दात्याची तयारी चालू असली तरी यादीत नाव असायला काही आडकाठी नाही, दोन्ही एकत्र चालतं. घरचा दाता आहे म्हणून नाव न घालणं हे फार घरांत होतं आणि ते दुरुस्त करण्यासारखं आहे. वयाची वरची मर्यादाही केंद्राने २०२३ मध्ये काढून टाकली आहे, हे इतर वाचणाऱ्यांसाठी.

स्वॅपसाठी भावजी पती म्हणून जवळच्या नात्यात बसतात, तिथे अडचण नाही. २०११ च्या दुरुस्तीने स्वॅपला परवानगी दिली, मात्र प्राधिकार समितीची मंजुरी लागते, त्यामुळे कागद आधीपासून तयार ठेवा: विवाहनोंदणी, फोटो, आधार. सकाळची_लोकल म्हणतात ते बरोबर, ए-बी जोडीला उलटी जोडी मिळण्याची शक्यता चांगली असते. ओ गटाच्या रुग्णांची फार ओढाताण होते, तशी तुमची नाही. रक्तगट न जुळताही प्रत्यारोपण करता येतं, पण खर्च आणि औषधं वाढतात. नेफ्रॉलॉजिस्टना तेही विचारा.

आणि भावजींच्या वेळी एक करा. त्यांनाही एकट्याला बसवून कोणीतरी विचारू दे. ते पहिल्यापासून तयार आहेत म्हणून गृहीत धरू नका.

नवा_वाचक

नमस्कार. इथे फक्त वाचत होतो, आज सदस्य झालो. माझ्या वडिलांसाठी मी दाता आहे. क्रॉसमॅच झालाय, पुढची तपासणी व्हायचीय. मी हो म्हणालोय आणि मला द्यायचीही आहे, पण रात्री दोन-तीनला जाग येते आणि छाती धडधडते. लग्न ठरलंय, तिच्या घरचे विचारतायत. बाबांना हे कळलं तर ते लगेच "नको मला" म्हणतील आणि मग डायलिसिसवरच राहतील, हे मला माहीत आहे. म्हणून कोणालाच बोललो नाही. वर भावाबद्दल वाचताना हात थरथरत होते.

ओटीबाहेर

बरं झालं लिहिलंत. उद्या सकाळी तुमच्या समन्वयकाला फोन करा आणि एवढंच सांगा: "मला एकट्याने यायचंय, बरोबर कोणी नसेल." कारण फोनवर सांगू नका. आल्यावर इथे लिहिलंत तेच त्यांना सांगा. भीती वाटणं म्हणजे नकार नाही, आमच्याकडे येणारे जवळजवळ सगळे दाते घाबरलेले असतात. तुम्हाला वेळ हवा असेल तर पुढची तपासणी पुढे ढकलता येते. लग्नाच्या मुलीला बरोबर आणायचं असेल तर दुसऱ्या भेटीला आणा. तिचे प्रश्नही डॉक्टरांनीच सोडवलेले बरे.

मोगरा_अंगणी

मला विपु (विचारपूस) करा. दिल्यानंतरचं सगळं सांगते, टाके, दुखणं, कामावर परत जाणं, चांगलं-वाईट दोन्ही. कोणत्याही बाजूला ओढणार नाही.

वेळूबन

नवा_वाचक, तुम्ही द्या की नको द्या, यावर मी काही बोलणार नाही. एकच विचारते. तुमच्या बाबांचं नाव यादीत आहे का? नसेल तर समन्वयकाला भेटाल तेव्हा त्याच भेटीत ते घालायला सांगा, आणि आईचा किंवा आणखी कोणाचा रक्तगट तपासला नसेल तर तोही तपासून घ्या. तुमचं जे ठरेल ते ठरेल तोवर बाबांसाठी बाकीचे रस्ते बंद होऊ देऊ नका.